समुद्राकाठचा सजवलेला फ्लॅट : घेण्याआधी काय पाहावं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या प्रांगणात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात बोलायचं म्हटल्यावर मला वाटलं, संस्थेचा इतिहास सांगायला बोलावलं असेल. पण सचिवांनी विषय हातातच ठेवला. म्हणाले, "काका, इतिहास स्मरणिकेत छापूनच येणार आहे. तुम्ही समुद्राकाठच्या फ्लॅटवर बोला. आपल्या सोसायटीत सात-आठ घरी माहितीपत्रकं येऊन पडली आहेत, आणि दोघं तर टोकन द्यायच्या बेतात आहेत."

मी काही वकील नाही, इंजिनिअर नाही. एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची बारा वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर. शिवाय गेल्या वर्षभरात आपल्यातल्या तीन कुटुंबांबरोबर रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरं पाहून आलो. त्या टेबलावर जे शिकलो आणि त्या किनाऱ्यावर जे पाहिलं, तेवढंच आज सांगणार आहे.

आधी हे मान्य करू, की ही इच्छा काही वेडेपणा नाही. आपण वाशीमची माणसं. खाऱ्या पाण्याशी आपला संबंध शेजारच्या लोणारपुरता. आपली संस्था नोंदवली गेली तेव्हा वाशीम जिल्हा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या काळी मुंबईला जायचं म्हणजे एक रात्र जायची. आता समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेलाय. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला. ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. त्याआधी १२ जानेवारी २०२४ ला मुंबईतून थेट रायगडच्या बाजूला उतरवणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला होता. सकाळी चहा घेऊन निघालेली गाडी संध्याकाळी अलिबागला लागते. ज्यांनी आयुष्यभर तूर-सोयाबीनचे भाव आणि मुलांच्या फिया यापलीकडे पाहिलं नाही, त्यांना निवृत्तीनंतर खिडकीतून समुद्र दिसावासा वाटला, तर त्यात चूक काय?

माझं म्हणणं इतकंच आहे, की आपण बघतो एक आणि विकत घेतो दुसरंच.

सजवलेला फ्लॅट दाखवतात तेव्हा आपल्याला काय दिसतं? पलंग, सोफा, पडदे, एसी, भिंतीवर जहाजाचं चित्र, आणि गॅलरीतून निळं पाणी. बँकेत कर्जाची फाइल यायची तेव्हा तिच्यात मूल्यांकन अहवाल असायचा. त्यात यातलं काहीच नसायचं. जमीन कोणाची, परवानगी कोणाची, चटई क्षेत्र किती, बांधकामाचं वय किती, हेच असायचं. पलंग-सोफ्याला तिथे जागा नसते, कारण दहा वर्षांनी त्यांची किंमत शून्य असते. त्यामुळे पहिला नियम असा, की फर्निचरची किंमत वेगळी काढायला लावा. "सगळं मिळून चाळीस लाख" हे उत्तर घेऊ नका. फर्निचरची यादी करारनाम्याला जोडून घ्या, कंपनी आणि मापासकट. आणि खिशात टेप ठेवा. नमुना फ्लॅटमध्ये मुद्दाम आखूड पलंग ठेवतात म्हणजे खोली मोठी दिसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याबरोबरच्या वहिनींनी पलंग मोजला तर तो साडेपाच फूट भरला. त्या म्हणाल्या, "यांचे पाय काय गॅलरीत ठेवायचे?"

आता जमिनीकडे येऊ. समुद्राकाठच्या जमिनीला आपल्याकडच्या जमिनीपेक्षा एक कायदा जास्त लागतो. त्याला सीआरझेड म्हणतात, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्र. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आणि आता १८ जानेवारी २०१९ ची. २०११ च्या नियमात ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र होतं. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते ५० मीटरवर आणलं, विरळ वस्तीत २०० मीटरच ठेवलं. म्हणजे "पाण्यापासून पन्नास पावलांवर" अशी जाहिरात वाचली, की आपल्या मनात आनंदाच्या आधी प्रश्न आला पाहिजे. परवानगीच्या कागदांत महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचं नाव कुठे आहे, ते विचारा. "ग्रामपंचायतीची परवानगी आहे ना" एवढ्यावर समाधान मानू नका.

हे मी भीती घालायला सांगत नाही. दोन उदाहरणं सगळ्या देशाने पाहिली आहेत. अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला होता. किनारा नियम मोडून बांधलेला. रायगडच्या जिल्हा प्रशासनाने ८ मार्च २०१९ ला तो सुरुंग लावून पाडला. तुम्ही म्हणाल, तो मोठा माणूस, त्याचं काय! मग दुसरं उदाहरण ऐका. केरळात कोचीजवळ मरडू म्हणून गाव आहे. तिथे पाण्याकाठी चार उंच गृहसंकुलं उभी राहिली. स्थानिक पंचायतीने २००६ मध्ये परवाने दिले होते, फ्लॅटची खरेदीखतं नोंदवलेली होती, लोक घरपट्टी भरत होते, बँकांनी कर्जंही दिली होती. ८ मे २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही बांधकामं किनारा नियमांचा भंग करून झाली आहेत, पाडा. ११ आणि १२ जानेवारी २०२० ला, दोन दिवसांत, चारही संकुलं स्फोटकं लावून जमीनदोस्त झाली. साडेतीनशेच्या आसपास फ्लॅट. त्यांत निवृत्त लोक होते, परदेशात राबून पैसा साठवलेले होते. न्यायालयाने २५ लाखांपर्यंत अंतरिम भरपाई देवविली, पण पंचवीस लाखांत तसलं घर पुन्हा होतं का?

यातून आपण काय घ्यायचं? नोंदणी झाली म्हणजे दस्त नोंदवला गेला. दुय्यम निबंधक तुमच्या मालकीची हमी देत नाही. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीहक्काचा नाही. आणि बँकेने कर्ज दिलं म्हणजे सगळं ठीकच असणार, असं तर मुळीच समजू नका. हे मी बँकेचा माणूस सांगतोय. बँक आपल्या पैशाची काळजी करते, तुमच्या झोपेची नाही.

मग कोणते कागद पाहायचे? पटापट सांगतो, लिहून घ्या. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि मागचे फेरफार. बिनशेतीचा आदेश. सक्षम प्राधिकरणाचा मंजूर नकाशा. किनारा प्राधिकरणाची मंजुरी, किंवा जागा त्या क्षेत्राबाहेर असल्याचा अधिकृत दाखला. तिथल्याच वकिलाकडून केलेला तीस वर्षांचा शोध अहवाल. बिल्डरने दिलेल्या वकिलाकडून नव्हे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोगवटा प्रमाणपत्र. आम्ही पाहिलेल्या एका संकुलात गादीवर चादर अंथरलेली, फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवलेली, पण भोगवटा प्रमाणपत्र "पुढच्या महिन्यात" येणार होतं. तिथल्या रखवालदाराला चहा पाजला तर तो म्हणाला, दोन पावसाळे तो हेच ऐकतोय.

नवीन बांधकाम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः घालून बघा. १ मे २०१७ पासून हा कायदा आपल्याकडे पूर्णपणे लागू आहे. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. खोट्या जाहिरातीला भुलून पैसे भरले असतील तर भरपाई मागता येते, म्हणून माहितीपत्रक रद्दीत टाकू नका, फाइलला लावा. पण लक्षात घ्या, कोणाचा वापरलेला फ्लॅट तुम्ही त्याच्याकडून घेत असाल, तर ही ढाल तितकीशी उपयोगी पडत नाही. तिथे कागद आणि डोळे, दोनच.

आता पैशाचा हिशेब. समजा फ्लॅट चाळीस लाखांना, फर्निचरसकट. मुद्रांक शुल्क जागेप्रमाणे बदलतं. सहा टक्के धरू, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. झाले ४२ लाख ७० हजार. (घर महिलेच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे वहिनींनी लक्षात ठेवावं.) हीच रक्कम घरी असती तर? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्याचा दर ८.२ टक्के. म्हणजे वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात. उरलेल्या रकमेवर साडेसहा टक्क्यांनी ८२ हजारांच्या वर. मिळून सव्वातीन लाखांच्या पुढे गेलं. त्यात देखभाल, वीज, कर, विमा, रंगरंगोटी यांचे साठ हजार मिळवा. वर्षाला सुमारे ३ लाख ८८ हजार.

आता विचारा, वर्षातले किती दिवस जाणार? वीस दिवस राहिलात तर त्या घरातला एक दिवस १९ हजारांवर पडला. तीन महिने राहिलात तर साडेचार हजारांच्या आत आला. किंमत वाढेल, ती वेगळी. पण वाढलेली किंमत गिऱ्हाईक सापडल्यावरच हातात येते. म्हणून घर घेण्याआधी कॅलेंडर काढा. नातवंडांच्या परीक्षा, शेताची कामं, लग्नसराई, डॉक्टरांच्या तारखा खोडून टाका. जे दिवस उरतील, ते तुमचे समुद्राचे दिवस.

"आम्ही नसताना भाड्याने जाईल" असं सांगणारे भेटतात. हमखास परताव्याची योजनाही देतात : तीन वर्षं वर्षाला दहा टक्के! त्यातली मेख अशी, की तो परतावा पुष्कळदा किमतीतच आधी चढवलेला असतो. तुमचेच पैसे हप्त्याहप्त्याने परत. चौथ्या वर्षाचं लेखी मागा, मग चेहरा बघा. शिवाय पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यायला तिथल्या सोसायटीच्या उपविधीत मुभा आहे का, पर्यटन विभागाची नोंदणी लागते का, तेही विचारा. भाड्याने दिलं तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे आपल्याला इथे माहीत आहेच.

यापुढचं बोलणं समुद्राविषयी, कारण तो फक्त दिसत नाही, तो घरात येतो. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, आतल्या लोखंडाला गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीटला आतून तडे जातात आणि पोपडे सुटतात. आपल्याकडे वर्षाला पाऊस आठशे मिलिमीटरच्या घरात. किनाऱ्यावर तो दोन-तीन हजार मिलिमीटर. चार महिने बंद राहिलेल्या खोलीत गादीला बुरशी, प्लायवूड फुगलेलं, एसीचं बाहेरचं यंत्र गंजलेलं, बिजागऱ्या धरलेल्या. सजवलेल्या घरातली सजावट सर्वांत आधी जाते. जिथे शक्य तिथे मरीन प्लाय, ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील लावलंय का पाहा. आपल्या घरात भांड्याला चालणारं स्टील तिथे ठिपके धरतं. पाण्याचंही विचारा : एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात कोकणातल्या कित्येक गावांत टँकर येतो, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोलीकडच्या काही गावांत वीज यायला आठवडे लागले. त्या वेळी कुलूपबंद घरांचे पत्रे कोणी धरले असतील, याचा विचार करा.

आणि इथेच माझ्या बोलण्यातला मुख्य मुद्दा येतो.

आम्ही मुद्दाम जुलैमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी एका संकुलात गेलो. अठ्ठेचाळीस फ्लॅट. संध्याकाळी सात वाजता मी खाली उभं राहून दिवे मोजले. पाच. त्यातला एक रखवालदाराचा. जिन्यात पाणी साचलेलं, लिफ्ट बंद, गच्चीवरच्या टाकीतून पाणी वाहतंय. आमच्याबरोबरचे काका रखवालदाराला म्हणाले, "भाऊ, हे टाकीचं पाणी वाहून राह्यलं, कोणाले सांगत नाही का?" तो म्हणाला, "साहेब, सांगू कोणाला? मालक पुण्याला, सेक्रेटरी मुंबईला, बिल्डर फोन उचलत नाही."

मंडळी, मला त्या क्षणी आपली सोसायटी आठवली. आपली लिफ्ट नवी नाही, पार्किंगवरून आपण भांडतो, होळीच्या वर्गणीवरून भांडतो. पण टाकी वाहिली तर पाच मिनिटांत तीन घरांतून हाका येतात. मोटर जळली तर रात्री अकराला कोणीतरी चप्पल घालून निघतं. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत टाकायचे, यावरून आपण सभेत आवाज चढवतो, आणि शेवटी टाकतो. त्याच पैशातून आपली गच्ची दोनदा जलरोधक झाली. जमिनीच्या अभिहस्तांतरणासाठी आपल्या आधीच्या कार्यकारिणीने किती हेलपाटे घातले, ते या सभेतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. हे काम करायला तिथे राहणारी माणसं लागतात. सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश किंवा वीस सभासदांची गणपूर्ती लागते. जिथे पाच दिवे लागतात तिथे वीस खुर्च्या कशा भरणार?

म्हणून मी म्हणतो, इमारत कागदावर उभी राहते, पण टिकते शेजाऱ्यांवर. समुद्राकाठचा फ्लॅट घेताना आपण शेजार विकत घेत असतो, आणि माहितीपत्रकात त्याचंच चित्र नसतं. तिथली सोसायटी नोंदली गेली आहे का, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आहेत का, किती सभासदांची देखभाल थकली आहे, बारा महिने राहणारी घरं किती, हे सेक्रेटरीला फोन करून विचारा. फोन उचललाच नाही, तर तेही उत्तरच आहे.

ज्या तीन कुटुंबांबरोबर मी गेलो, त्यांचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. एका काकांनी ग्रॅच्युइटीचे पैसे ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले आणि दर डिसेंबरला दहा दिवस एकाच घरगुती खानावळीत जाऊन राहायचं ठरवलं. काकूंचं म्हणणं असं, की समुद्र पाहायला जायचं, तिथे जाऊन जाळे-जळमटं काढायला नाही. दुसऱ्या कुटुंबाने बेत पुढे ढकलला. मुलांना विचारलं तर दोघांनीही सांगितलं, आम्हाला ते घर सांभाळता येणार नाही. हे विचारणं फार महत्त्वाचं आहे. नामनिर्देशन केलं म्हणजे वारसा ठरला असं होत नाही. मृत्युपत्र वेगळं करावं लागतं, आणि ज्याला द्यायचं त्याला ते हवं आहे का, हेही पाहावं लागतं. तिसऱ्या कुटुंबाने मात्र घर घेतलं. तालुक्याच्या गावातच, समुद्रापासून सव्वा किलोमीटर आत, जिथे शिक्षक, पोलीस, दुकानदार बारा महिने राहतात अशा साध्या सोसायटीत. खिडकीतून पाणी दिसत नाही. पण मागच्या पावसाळ्यात खिडकीची काच फुटली, तर शेजारच्या बाईंनी फोन करून सांगितलं आणि प्लास्टिक लावून ठेवलं. मला विचाराल तर त्यांनी समुद्र थोडा लांबून घेतला आणि घर मात्र खरं घेतलं.

शेवटी एक सूचना. आपल्या संस्थेत एक वकीलसाहेब आहेत, दोन इंजिनिअर आहेत, आणि मी रिकामाच आहे. कोणीही समुद्राकाठी, पुण्यात, कुठेही घरासाठी टोकन देण्याआधी कागदांची फाइल रविवारी सकाळी इथे कार्यालयात घेऊन यावं. आम्ही चौघं बसून वाचू. फी म्हणून चहा. आणि ज्यांना जागा पाहायला जायचंय त्यांनी दिवाळीत जाऊ नका, सगळं सुंदर दिसतं. पुढच्या जुलैत एकत्र गाडी करून जाऊ, भर पावसात. कार्यकारिणीने हा ठराव येत्या सभेत घ्यावा अशी विनंती करतो. माझं नाव पहिलं लिहा.